चिमणीवरचा वर्षानुवर्षांचा चिकटा कसा काढावा?

*आम्ही काही महिन्यांपूर्वी या घरात राहायला आलो. आधीच्या लोकांनी वापरलेली स्वयंपाकघरातली चिमणी चालू स्थितीत आहे, पण तिच्यावर कित्येक वर्षांचा तेलाचा थर बसला आहे. हात लावला तर बोट चिकटते, जाळ्यांच्या खाचा तपकिरी चिकट्याने भरल्या आहेत आणि स्वयंपाक चालू असताना कडेवरून एखादा पिवळा थेंब खाली पडतो. भांड्यांच्या साबणाने घासले, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून त्याचा फेस लावला, शेवटी तारेच्या घासणीने खरवडले. चरे पडले, थर मात्र तसाच आहे. कुणी कॉस्टिक सोडा वापरा म्हणते, कुणी रॉकेल. चिमणीचा आवाजही मोठा येतो. हा थर निघेल का, की जाळ्या किंवा सगळी चिमणीच बदलावी? – एक वाचक*

थर निघेल, आणि चिमणी बदलण्याची वेळ आली आहे असे आपल्या वर्णनावरून तरी वाटत नाही. आपण जे उपाय केले ते या थरावर चालणारे नव्हते, एवढेच. आपल्या कष्टांत काही कमी पडलेले नाही. जुना थर जोर लावून निघत नाही. गरम पाणी, योग्य तो आम्लारिधर्मी (म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा) पदार्थ आणि पुरेसा वेळ मिळाला की तो आपोआप सैल होतो आणि मग साध्या ब्रशने उतरतो. मात्र कोणता पदार्थ चालेल हे चिमणीचा तो भाग कोणत्या धातूचा आहे यावर ठरते, म्हणून धातू ओळखल्याशिवाय बाटली उघडू नये, हा माझा पहिला आग्रह आहे.

साबण का चालला नाही, हे आधी पाहू. तापलेल्या तेलातून अतिशय बारीक थेंब आणि थोडी वाफ वर जाते आणि जाळीच्या त्यामानाने थंड धातूला लागून तिथे जमते. पहिले काही दिवस ते निव्वळ तेल असते आणि भांड्यांच्या साबणाने सहज निघते. पण पातळ पसरलेल्या तेलाला हवेतला ऑक्सिजन सतत लागत राहतो, खालून उष्णता मिळत राहते आणि हळूहळू तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे मोठे जाळे तयार होते. चित्रकाराच्या तैलरंगातले जवसाचे तेल ‘वाळते’ ते याच क्रियेने. त्यातून पाणी उडून जात नाही, तेलाचेच वार्निश होते. सूर्यफूल, सोयाबीन यांसारखी असंतृप्त तेले याच दिशेने जातात, फक्त अधिक सावकाश. त्यामुळे आपल्या चिमणीवर एक नव्हे, तीन प्रकारचे थर आहेत : सर्वांत वर अलीकडचे ओले तेल, त्याखाली अर्धवट जोडले गेलेले, बोटाला ओढ लावणारे चिवट द्रव्य आणि धातूला लागून कडक, पिवळट-तपकिरी पापुद्रा. भांड्यांचा साबण वरचे तेल धुऊन नेतो आणि दुसऱ्या थरापाशी थांबतो. आपल्याला ‘काहीच झाले नाही’ असे वाटले, कारण उरलेला थर दिसायला आणि लागायला पूर्वीसारखाच होता.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांच्या मिश्रणाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो, कारण हा सल्ला सगळीकडे दिला जातो. खाण्याचा सोडा सौम्य आम्लारिधर्मी आहे, व्हिनेगर आम्ल आहे. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना निष्प्रभ करतात. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघून जातात आणि मागे पाण्यात विरघळलेले सोडियम अ‍ॅसिटेट उरते, ज्याचा तेलावर काहीही परिणाम होत नाही. फेस पाहून काम चालल्यासारखे वाटते, पण त्या क्षणी दोन्ही पदार्थ खर्च होत असतात. व्हिनेगर पाण्याच्या पांढऱ्या डागांसाठी ठेवावे, तेलासाठी नाही.

आता रॉकेल आणि कॉस्टिक. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर चिमणीला लावू नये, थोडेसेही नाही. ही द्रव्ये तेल विरघळवतात हे खरे, पण त्यांची वाफ पेट घेते, आणि आपण ती ज्या जागी लावणार आहात तिथे खाली आच आहे, वर विजेची मोटर आहे आणि मध्ये खाचाखाचांत द्रव धरून ठेवणारी जाळी आहे. पुसून घेतल्यावरही त्यांचा अंश आत राहतोच. कॉस्टिक सोड्याची गोष्ट वेगळी आहे. तो तेलाचे साबणात रूपांतर करतो आणि जुन्या थरावर खरोखर चालतो, पण त्वचा आणि डोळे यांनाही तितक्याच वेगाने जाळतो, पाण्यात टाकला की इतका तापतो की द्रावण उडू शकते, आणि अ‍ॅल्युमिनियमशी त्याची जोरदार क्रिया होऊन धातू विरघळतो व हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सुटतो. घरातल्या कामाला इतक्या तीव्र पदार्थाची गरज नाही. भट्टी किंवा ओव्हन स्वच्छ करण्याच्या तयार फवाऱ्यांत पुष्कळदा हाच कॉस्टिक असतो, म्हणून त्यांचे वेष्टन वाचावे आणि ‘अ‍ॅल्युमिनियमवर वापरू नये’ असे लिहिलेले असेल तर ते अक्षरशः पाळावे. ब्लीचचाही इथे उपयोग नाही. ते तेल काढत नाही, त्यातल्या क्लोरीनमुळे स्टेनलेस स्टीलवर बारीक खड्डे पडतात, आणि व्हिनेगरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या द्रवात मिसळले तर विषारी वायू तयार होतो. आपण आधी व्हिनेगर वापरले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मग योग्य पदार्थ कोणता? माझ्या मते स्टीलच्या भागांसाठी धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, सुमारे 8.3 असतो, धुण्याच्या सोड्याचा सुमारे 11 आणि कॉस्टिकचा 13 ते 14. या मापनात एका अंकाचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक, म्हणून खाण्याचा आणि धुण्याचा सोडा यांच्या आम्लारिधर्मात शेकडो पटींचे अंतर आहे. खाण्याचा सोडा पुडा संपेपर्यंत चोळूनही जे होत नाही ते धुण्याच्या सोड्याने का होते, त्याचे कारण हे. धुण्याचा सोडा मिळाला नाही तर तो घरी करता येतो : खाण्याचा सोडा स्टीलच्या किंवा काचेच्या पसरट भांड्यात पातळ पसरून ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सियसला तासभर ठेवावा. त्यातले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाते, वजन एक तृतीयांशाहून थोडे अधिक घटते आणि उरते ते सोडियम कार्बोनेट. अ‍ॅल्युमिनियमचे ताट मात्र यासाठी घेऊ नये.

काम सुरू करण्यापूर्वी चिमणीची वीज तोडावी. नुसते तिचे बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा, आणि तो भिंतीच्या आत असेल तर त्या भागाचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली करावा. शेगडी पूर्ण थंड झालेली असावी आणि तिच्यावर जाड कागद किंवा जुनी चादर अंथरावी, कारण पहिल्या तासाभरात वरून बरेच काही खाली येणार आहे. खिडक्या उघडाव्यात. हातांत कोपरापर्यंतचे रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. धुण्याचा सोडा कॉस्टिकइतका जाळत नसला, तरी त्वचेतले तेलही तो काढून घेतो आणि हात फुटतात. डोक्याच्या वर काम करताना एखादा थेंब डोळ्यात जाणे तर अगदीच सोपे असते.

यानंतर जाळ्या काढून त्या कशाच्या आहेत ते ओळखावे. एकमेकांवर उलटसुलट बसवलेल्या पन्हाळीसारख्या पट्ट्या दिसत असतील तर तो बॅफल फिल्टर, आणि तो बहुधा स्टेनलेस स्टीलचा असतो. बारीक विणलेल्या तारेचे अनेक थर असतील तर ती बहुधा अ‍ॅल्युमिनियमची जाळी असते. शंका असेल तर लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर ते अ‍ॅल्युमिनियम नाही हे नक्की. न चिकटल्यास मात्र निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण स्टेनलेस स्टीलच्या काही प्रकारांनाही चुंबक चिकटत नाही. अशा वेळी वजन उपयोगी पडते : अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाचे असते, त्यामुळे त्याची जाळी हातात घेताच आकाराच्या मानाने हलकी लागते. तरीही खात्री झाली नाही, तर ते अ‍ॅल्युमिनियम आहे असे धरून चालावे. त्या चुकीने फार तर थोडा वेळ जास्त लागेल, उलट चुकीने जाळी काळी पडेल.

स्टीलच्या फिल्टरसाठी तो पूर्ण बुडेल असा प्लास्टिकचा टब किंवा खोल सिंक घ्यावे. फिल्टर पाण्यात टाकण्याआधी लाकडी किंवा प्लास्टिकच्या उलथन्याने वरचा मऊ चिकटा कागदावर ओढून घ्यावा आणि तो कागद कचऱ्यात टाकावा. हे पाऊल कंटाळवाणे आहे आणि बहुतेक लोक ते गाळतात, पण जितके तेल आधी कागदावर येईल तितका सोडा खालच्या जुन्या थरासाठी उरतो. मग हाताला सोसणार नाही इतके गरम, साधारण 60 अंशांचे पाणी घालावे, दर लिटरला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवावा आणि शेवटी भांडी घासण्याच्या लिक्विडचे थोडे थेंब टाकावेत. सोडा थर फोडतो आणि लिक्विड सुटलेले तेल पाण्यात धरून ठेवते. नुसत्या सोड्याने सुटलेले तेल वर तरंगते आणि फिल्टर बाहेर काढताना पुन्हा त्यालाच लागते.

यानंतर दोन तास त्याला हात लावू नये. घासायला लवकर घेणे हीच या कामातली सर्वांत मोठी अडचण आहे, कारण अर्धवट मऊ झालेला थर ब्रशने पसरतो आणि दुसऱ्या खाचेत जाऊन बसतो. सुरुवातीला काहीच घडताना दिसत नाही. मग पाणी पिवळे, नंतर तपकिरी होते, आणि पट्ट्यांच्या वळणाच्या कडेला थर धातूपासून किंचित उचललेला दिसतो. नखाने ढकलल्यावर तो ताणला न जाता तुकड्याने सुटू लागला की घासण्याची वेळ झाली असे समजावे. पाणी मधे कोमट झाले असेल तर ते काढून टाकून त्याच प्रमाणात नवे गरम द्रावण करावे. थंड सोडा फार मंद काम करतो. नायलॉनचा ताठ ब्रश पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने चालवावा, कोपऱ्यांना जुना दातांचा ब्रश घ्यावा. आपल्या वर्णनातल्या थराला एका बुडवणीने पूर्ण यश येईल असे मी म्हणणार नाही. दोनदा करावे लागेल, कदाचित तीनदा, पण प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठा भाग उघडा पडेल. बॅफलच्या खालच्या कडेला तेल गळण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती टाचणीने किंवा दातकोरणीने मोकळी करायला विसरू नये. ती बुजली की फिल्टरमध्ये साठलेले तेल तेलाच्या वाटीत न जाता कडेवरून टपकते, आणि आपल्याकडे पडणाऱ्या पिवळ्या थेंबाचे कारण बहुधा हेच असावे. दुसरे संभाव्य कारण म्हणजे ती वाटी किंवा पन्हळ काठोकाठ भरली असणे, म्हणून तीही त्याच दिवशी काढून पाहावी.

जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा पूर्ण टाळावा. त्याने ती राखाडी-काळपट पडते आणि बारीक तारा हळूहळू झिजतात. कपडे धुण्याच्या बऱ्याच पावडरींत आणि डिशवॉशरच्या पावडरींतही हा किंवा याच प्रकारचा आम्लारिधर्मी पदार्थ असतो, त्यामुळे त्याही नकोत. इथे गरम पाणी आणि भांड्यांचे लिक्विड सढळ हाताने वापरावे, तास-दीड तास बुडवून ठेवावे, मग जाळी पाण्यातच वरखाली हलवून आतले तेल बाहेर येऊ द्यावे आणि हेच पुन्हा करावे. ब्रशचा जोर लावू नये, कारण तारा वाकून थर एकमेकांवर दाबले जातात आणि हवेची वाट बंद होते. दोन्ही बाजूंना पुरेसे पाणी सोडून जाळी उजेडासमोर धरावी. सगळीकडून सारखा उजेड दिसला तर ती मोकळी झाली. मध्येच एखादा काळा चौकोन उरला, तर त्या जागी भांड्यांचे लिक्विड तसेच, पाणी न घालता, अर्धा तास लावून ठेवून पुन्हा बुडवावी. आधीच्या कुणी ती डिशवॉशरमध्ये धुऊन राखाडी करून ठेवली असेल तर त्याची काळजी करू नये, रंग गेल्याने तेल अडवण्याच्या कामात फरक पडत नाही.

आपली चिमणी हवा नळीने बाहेर न टाकता गाळून पुन्हा खोलीत सोडणारी असेल, तर आत एक काळा कोळशाचा फिल्टरही असेल. तो सहसा धुण्याचा नसतो. त्याच्यावर किंवा माहितीपुस्तिकेत तो धुता येतो असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो सरळ बदलावा. इतक्या वर्षांत त्याची वास शोषण्याची क्षमता संपलेलीच असणार.

जाळ्या भिजत असताना चिमणीच्या अंगाकडे वळावे. इथे एकच नियम आहे, पण तो मोडू नये : द्रव कधीही वर फवारू नये, तो फडक्यावर घ्यावा. वर उडालेला फवारा पंख्याच्या चाकातून मोटरपर्यंत आणि दिव्याच्या जोडणीपर्यंत पोहोचतो. आतल्या स्टीलच्या भिंतींवर जाड थर असेल तर सोड्याच्या गरम द्रावणात बुडवून घट्ट पिळलेले फडके थरावर दाबून बसवावे आणि त्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म लावावी, म्हणजे ते सुकत नाही आणि गळतही नाही. वीस मिनिटांनी फडके काढले की त्याच्यासोबत थराचा एक भाग येतो, उरलेला प्लास्टिकच्या उलथन्याने ढकलावा. नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा पुसावे, नाहीतर सोडा वाळून पांढरी पूड दिसत राहते.

बाहेरच्या बाजूची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे रंग, काच, प्लास्टिक आणि बटणांची पट्टी असते. बाहेर बहुधा मधला चिवट थर आणि त्यात रुतलेली धूळ असते, कडक पापुद्रा क्वचितच. अशा थरावर मी आधी खाण्याचे साधे तेल सुचवतो. ऐकायला उलटे वाटेल, पण ताजे तेल अर्धवट चिकट झालेल्या तेलात मिसळते, त्याला पातळ करते आणि कोणत्याही रंगाला किंवा प्लास्टिकला इजा करत नाही. कागदावर थोडे तेल घेऊन चोळावे, दहा मिनिटे थांबावे, कोरड्या कागदाने पुसून घ्यावे आणि राहिलेला तेलकटपणा साबणाच्या कोमट पाण्याने काढावा. रंगवलेल्या किंवा पावडर कोटिंग केलेल्या भागावर यापलीकडे जाऊ नये, आणि कोणताही तयार डीग्रीझर (तेलकटपणा काढणारा द्रव) लावायचा असेल तर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडासा लावून पाहावा. स्पर्शाने चालणारी बटणांची पट्टी ओलसर फडक्याने पुसावी, तिच्या कडांत पाणी जाऊ देऊ नये. काचेवरचा कडक पापुद्रा ओला करून सपाट पात्याच्या खरवडणीने, पाते काचेला जवळजवळ समांतर धरून काढता येतो. हे पाते फक्त काचेवर चालवावे. स्टेनलेस स्टीलवर बारकाईने पाहिले तर एकाच दिशेच्या पुसट रेषा दिसतात, फडके त्याच दिशेने फिरवावे.

तारेच्या घासणीने पडलेले चरे आता जाणार नाहीत, पण त्यांनी चिमणीच्या कामात बिघाड होत नाही. घासणी साध्या लोखंडी तारेची असेल तर तिचे बारीक कण पृष्ठभागात रुतून पुढे तांबूस गंज दिसतो. तसे दिसले तर खाण्याच्या सोड्याची ओली लापशी मऊ फडक्यावर घेऊन रेषांच्या दिशेने हलके चोळावे. या सोड्याला चिमणीवर खरे काम आहे ते एवढेच.

आवाजाबद्दल. फिल्टर तुंबले की हवा अरुंद फटींतून ओढली जाते आणि आवाज वाढतो, म्हणून स्वच्छता झाल्यावर बऱ्याचदा तो आपोआप कमी होतो. सर्व भाग पूर्ण कोरडे झाल्यावर वीज जोडून, शेगडी बंद असताना, आधी फिल्टर न लावता चिमणी क्षणभर चालवून ऐकावे आणि त्या वेळी हात आत नेऊ नये. आवाज नुसता हवेचा असेल तर दोष फिल्टरचा होता. चिमणीचे अंगच थरथरत असेल आणि घरघर येत असेल, तर पंख्याच्या चाकावर तेल असमान साठून त्याचा तोल गेला आहे. हे चाक पिंपासारखे गोल असते आणि त्याच्या कडेने अनेक वळवलेली पाती असतात. प्रत्येक पात्याच्या खोलगट बाजूला तेल आणि धूळ बसते. माहितीपुस्तिकेत चाक काढण्याची रीत दिली असेल तरच ते काढावे. पुष्कळ चिमण्यांत ते धरून ठेवणाऱ्या नटाचे आटे उलटे असतात, म्हणजे नेहमी ज्या दिशेने आवळतो त्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो, आणि हे माहीत नसताना जोर लावला की मोटरचा दांडा वाकतो. एखाद्या पात्यावर लहानशी धातूची चिमटी दिसली तर ती घाण समजून काढू नये, ती तोल साधण्यासाठी कारखान्यातच बसवलेली असते. प्लास्टिकचे चाक फार गरम पाण्यात बुडवू नये, ते वाकडे होते. पुस्तिका नसेल किंवा चाक जागेवरून हलत नसेल तर जाणकार मेकॅनिकला बोलवावे. वरची सगळी स्वच्छता आपण केलेली असल्याने त्याचे काम थोडेच उरेल.

चाकाच्या पुढे नळी सुरू होते, आणि तिच्या तोंडाशी पंखा बंद असताना बाहेरची हवा आत येऊ न देणारी एक झडप असते. चिकट्याने ती अर्धवट उघडी अडकली की ओढ कमी होते आणि फडफड ऐकू येते. ती फडक्याने पुसून बोटाने सहज हलते का ते पाहावे. नळीत मात्र हात, काठी किंवा पाणी घालू नये. घड्यांची लवचीक अ‍ॅल्युमिनियमची नळी असेल तर तिच्या प्रत्येक घडीत तेल साठते, आणि ती धुण्याचा प्रयत्न करताना फाटते. टॉर्चने पाहिल्यावर आत ओला किंवा जाड थर दिसला तर ती बदलून घ्यावी, आणि नवी शक्यतो आतून गुळगुळीत, कमी वळणांची असावी. हा खर्च दिसण्यासाठी नाही, आगीसाठी आहे. तव्यावरून उसळलेली ज्योत तेलाने भरलेल्या जाळीला लागली तर चालू पंखा तीच ज्योत नळीत ओढून नेतो. म्हणून हे काम पूर्ण होईपर्यंत मोठ्या आचेवरचा आणि तळणाचा स्वयंपाक टाळावा, असे मला मनापासून वाटते. भांड्यातल्या तेलाने पेट घेतलाच तर आच आणि चिमणी दोन्ही बंद करून भांड्यावर झाकण ठेवावे, पाणी मुळीच ओतू नये. आणि आग चिमणीत शिरली असेल तर सगळ्यांनी घराबाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवावे.

धुतल्यानंतरचे पाणी गरम असताना सिंकमध्ये सोडू नये. ते थंड होऊ द्यावे, वर जमलेला तेलाचा थर कागदाने टिपून कचऱ्यात टाकावा आणि मग उरलेले पाणी भरपूर नळाच्या पाण्यासोबत सोडावे, नाहीतर चिमणीतला चिकटा सांडपाण्याच्या नळीत जाऊन बसेल. फिल्टर उभे करून रात्रभर वाळवावेत. ओल्या जाळीवर तेल आणि धूळ लवकर धरते, आणि खाचांतले पाणी स्वयंपाकात पडते.

यापुढे थर तेलाच्या अवस्थेत असतानाच धुवावा, म्हणजे सोड्याची गरजच पडणार नाही. रोज स्वयंपाक होत असेल तर दोन ते चार आठवड्यांनी फिल्टर गरम पाण्यात आणि लिक्विडमध्ये वीस मिनिटे ठेवले तरी पुरते. तळण जास्त असेल तर त्याहून लवकर. चिमणी शेगडी पेटवण्याआधी काही मिनिटे सुरू करावी आणि आच बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावी, कारण भांड्यातून वाफ त्यानंतरही येत राहते आणि पंखा बंद असेल तर ती चिमणीच्या बाहेरच्या अंगावर आणि भिंतीवर जमते. आपली चिमणी स्वतःला स्वच्छ करणाऱ्या प्रकारची असेल, तर ती सोय प्रामुख्याने पंख्याच्या चाकावरचे तेल वितळवून वाटीत आणते. ती वाटी हाताने रिकामी करावी लागते आणि बाहेरचे अंगही हातानेच पुसावे लागते.

राहिला प्रश्न जाळ्या बदलण्याचा. स्टीलचा बॅफल फिल्टर पट्ट्या वाकलेल्या किंवा सांधे सुटलेले नसतील तर बदलण्याचे कारण नाही, तो कितीही काळा दिसत असला तरी. अ‍ॅल्युमिनियमची जाळी तीन बुडवण्यांनंतरही उजेडासमोर बंद दिसली, तिच्या तारा तुटल्या असल्या किंवा चौकटीत ती सैल बसून कडेने फट राहत असेल, तर नवी घ्यावी, आणि घेताना जुन्या चौकटीची लांबी, रुंदी व जाडी मोजून घ्यावी. फिल्टर बसवल्यावर पंखा चालू करून त्याला एक पातळ कागदी रुमाल लावून पाहावा. रुमाल स्वतःहून चिकटून राहिला तर ओढ पुरेशी आहे. तो खाली पडला आणि फिल्टर स्वच्छ असतील, तर दोष चाकात, झडपेत किंवा नळीत आहे, आणि मेकॅनिकला बोलावताना त्याला नेमके तेच सांगावे.